कृष्णेतली निवांत देऊळ-क्रूझ

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
नियोजन सुरू. २३ तारखेचा रविवार नक्की. दहावीच्या बॅचला बोटीतून तीन पुरातन देवळं दाखवायची : रामलिंग, भैरोबा आणि बंधाऱ्याखालचं हेमाडपंती कोटेश्वर. सगळं निवांत. मी पुढं बारावी अर्धवट सोडली, पण बॅच ती बॅच. ग्रुपवर मेसेज टाकला. शुद्धलेखन तीनदा तपासलं.

४ फेब्रुवारी
सत्तावीस जणांनी वाचला. एकानंही नाही म्हटलेलं नाही. बोटीत आठच बसतात. फेऱ्या कराव्या लागणार. टेन्शन.

६ फेब्रुवारी
गुंडातात्यांना भेटलो. महापुरासाठी ग्रामपंचायतीला मिळालेली फायबर बोट तेच चालवतात. म्हणाले, पूर न्हाई, काय न्हाई, बोट कशाला रं? मी म्हटलं, क्रूझ. हळूहळू जायचं आणि काठाकडं बघत राहायचं. तात्या म्हणाले, मग मी चाळीस वर्सं क्रूझच करतोय की.
एक अडचण. उसाच्या पाण्यासाठी बंधाऱ्यात लोखंडी बर्गे घालून नदी अडवली आहे. बोट खाली कोटेश्वराला कशी जाणार? तात्या म्हणाले, बर्गे काढलं तर बोटीच्या आदी पाणी जाईल. तात्यांचा दृष्टिकोन नकारात्मक आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार
पाटबंधारेच्या ऑफिसात अर्ज दिला. विषय : बंधाऱ्याच्या मधल्या गाळ्यातील बर्गे दि. २३ रोजी एक तास काढून मिळणेबाबत. क्लार्कनं दोनदा वाचला, शेजारच्याला दाखवला. म्हणाला, अक्षर लय चांगलंय. वातावरण अनुकूल.

१७ फेब्रुवारी
सात दिवस झाले, उत्तर नाही. हरकत असती तर कळवलं असतं. मंजूर समजतो. ग्रुपचंही तेच.

२० फेब्रुवारी. दुपारी १.०५
दीपमालाचा रिप्लाय! वर्गात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. आता पाचगणीला शाळेत शिकवते. लिहिलंय : वा, छान. म्हणजे येते. तिची जागा डावीकडं, ऊन लागणार नाही. देवळांची माहिती पाठ करतोय. रामलिंग पक्कं झालं.

२२ फेब्रुवारी
लाइफ जॅकेटं धुतली. पोहे किती भिजवायचे? आई म्हणाली, आदी माणसं येऊ देत. तिला ग्रुपची कल्पना नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
७.००. घाटावर हजर.
७.४०. एसटी लेट असावी.
८.३०. तात्या म्हणाले, गड्या, ऊन चढाय लागलंय. मी म्हटलं, पाच मिनिटं.
९.१५. निघालो. मी आणि तात्या. डावीकडची जागा रिकामी ठेवली.
रामलिंगाला माहिती सांगायला सुरुवात केली. तात्या म्हणाले, हितं माझं लगीन लागलंय, मला काय सांगतोस? तरी पूर्ण सांगितली. भैरोबाला कुलूप. पुजारी ऊसतोडीला गेलेले.
बंधाऱ्यावर बर्गे जसेच्या तसे. वर हंबीरराव पाण्याची मोटार बघत उभे होते, त्यांचा ऊस तिथंच आहे. तात्यांनी मुद्दाम ओरडून सांगितलं, आवं, ह्यानं बर्गे काढायचा अर्ज केलाय. हंबीरराव म्हणाले, त्याला म्हणावं वर ये, आदी तुला काढतो, मग बर्गे. कोटेश्वराचा कळस बोटीतूनच दिसला. तिसरं देऊळ झालं, असं नोंदवतो.
बंधाऱ्याच्या सावलीत पोहे खाल्ले. तात्यांनी तीनदा घेतले. तिथं बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं. मग तात्या म्हणाले, म्होरल्या रविवारी बी येऊ की, तू आन् मी. मला बी घरात करमत न्हाई.
मी म्हटलं, बॅचला विचारून सांगतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.२०
ग्रुपवर फोटो टाकले. चार मिनिटांत जयराजचा रिप्लाय. तो फौजेत आहे, ग्रुपचा अॅडमिन. लिहिलंय : लय भारी भावा! मे महिन्यात दीपमालाकडं सगळे जमतोयच दरवर्षीसारखं. येताना बोट पण करू. बोटवाल्याचा नंबर टाक.
दरवर्षीसारखं.
तात्यांचा नंबर पाठवला. पाठवण्याआधी एकेक आकडा तपासला.
दहा वाजेपर्यंत त्यांची तारीख ठरली, ११ मे. मलाही ११ मे चालेल, असं लिहिलं. मग खोडलं.