पावण्यांना विचारायचे प्रश्न

आबा, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, मी बावन्नाचा झालो, तरी तुमचा निळ्या काठाचा कप अजून तुमच्याच नावावर आहे. मलकापूरला गेलो की आई मला कान तुटलेल्या कपातून चहा देते. भोक्ता गेला की भोग्य वस्तू पुत्राकडे येते, असं शास्त्र मी तिला ऐकवलं. असं शास्त्र नाही, पण तिला कुठं ठाऊक? ती म्हणाली, "कप त्येंचा हाय. तू आपला पी गप."

तक्रार संपली. आता बातमी. आईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. सुई घालून तपासली, कर्करोग आहे. मी तिला कोल्हापुरात, माझ्या घराजवळच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "काही विचारायचंय का, आजी?" आईनं पदर सावरला आणि विचारलं, "तुमचं गाव कुठलं म्हणायचं?" पाच मिनिटांत निघालं की बाईंच्या मामीचं माहेर आपल्या शेजारच्या गावचं. आई हात जोडून उठलीच. बाई चतुर, मला म्हणाल्या, शुक्रवारी परत या, येताना प्रश्न लिहून आणा. बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, "अगं, आजाराबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस." तर म्हणते, "पावणी हाय की ती आपली, नात्यातली. पावण्याला उलटं काय इचारायचं? इस्वास न्हाय असं वाटंल तिला."

हे मी आधी पाहिलंय, आबा. तुमचे डॉक्टर तुमच्या वर्गमित्राचे मेहुणे निघाले होते. तुम्ही हात जोडून "तुमी म्हणाल ते" म्हणालात आणि मी, दोन पदव्यांचा धनी, मागं फाईल धरून उभा. एरवी तुम्ही कुणाला सोडत नव्हतात. लहानपणी बियाण्याची पिशवी मी दुकानदाराला काही न विचारता उचलली, तर भर बाजारात तुम्ही म्हणाला होतात, "तोंड हाय न्हवं? मग इचार की." त्या पिशवीची जेवढी चौकशी आपण केली, तेवढी तुमच्या पोटातल्या दुखण्याची केली नाही.

म्हणून रविवारी मी मलकापूरला स्वयंपाकघरात वही उघडून बसलो. आई समोर पावटा सोलतेय. मी रीतसर सतरा प्रश्न मांडले होते: व्याधीचं स्वरूप, व्याप्ती, उपचारांचे पर्याय, प्रत्येकाचे गुणदोष. तिनं चार ऐकले. "ह्ये प्रश्न हायत का पोथी? बाई झोपंल मधीच. लिव माझं." तिचा पहिला प्रश्न, ऑपरेशननंतर किती दिवसांनी म्हशीची धार काढायची. दुसरा, डावा हात वरच्या फळीपर्यंत पोचेल का. तिसरा, नातीला कुशीत घेतलं तर तिला हा रोग लागेल का. हे सगळे माझ्या सतरांत नव्हते. चौथा, वरच्या आळीतल्या बाईनं भांडणात तळतळाट दिला होता, त्यानं झालं का. हा खोडूया म्हटलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. डाक्टरीण न्हाय म्हणाली तर जाऊन सांगता येतंय तिला."

मग सराव. मी गळ्यात टॉवेल टाकून डॉक्टर झालो. "बोला आजी, काय विचारायचंय?" आई गंभीरपणे म्हणाली, "तुमचं गाव कुठलं?" आणि स्वतःच इतकी हसली की मांडीवरचा पावटा घरभर झाला.

धारेचा प्रश्न खरा अवघड. म्हैस आईशिवाय कुणाला पान्हा सोडत नाही. आईनं उपाय काढला: तिचं लुगडं मला गुंडाळलं, म्हणजे म्हशीला वास ओळखीचा. तुमचा मुलगा, दहावीला सुभाषितं शिकवणारा, लुगडं नेसून चरवी घेऊन गोठ्यात बसला. म्हशीनं मान वळवून मला नीट पाहिलं, विचार केला आणि दयेनं अर्धी चरवी दिली. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "काकू, नवी सून आणली व्हय?" आई म्हणाली, "व्हय. शिकल्याली हाय, पर हात जड हाय."

शुक्रवारी आईनं पिशवीतून कागद काढला आणि बाईंना सांगितलं, "तुमी आमच्या पावण्या. पर पावण्यालाच जास्त इचारावं, असं पोरगं म्हणतंय." बाईंनी एकेक प्रश्न हसत, पण पुरता घेतला. धार जखम भरल्यावर, तीही आधी उजव्या हातानं. नातीला खुशाल घ्या. हाताला व्यायाम करावा लागेल, तो शिकवू. तळतळाटाचं डॉक्टरीत काही येत नाही. मग माझा पर्यायांचा प्रश्न आला. गाठ लहान आहे, तपासण्यांत पसरलेली दिसत नाही. तेव्हा दोन वाटा: फक्त गाठ काढायची आणि नंतर काही आठवडे रोज येऊन किरणांचा उपचार घ्यायचा, किंवा पूर्ण स्तन काढायचा, मग किरणं बहुधा लागणार नाहीत. आजी, तुमच्या बाबतीत दोन्ही सारख्याच खात्रीच्या, बाई म्हणाल्या, घरी बोलून ठरवा.

घरापर्यंत बोलणं पोचलंच नाही. गाडीत बसल्या बसल्या आई म्हणाली, "समदंच काढू दे. इतकं दीस म्हशीला कोण बघणार?" मी म्हटलं, नवी सून आहे की. ती हसली, आणि परत येताना आम्ही मिसळ खाल्ली. तिनं वरून तिखट कट मागून घेतला, दोनदा. तारीख पुढच्या सोमवारची मिळालीय.

आबा, हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून लिहितो. किरणांचे ते आठवडे आई माझ्याकडे राहिली असती, मला रोज शाळेतून निघून तिला न्यावं लागलं असतं, आणि हे बाई सांगत असताना आईनं एकदाच माझ्याकडे पाहिलं होतं. म्हशीचं कारण तिनं माझ्यासाठी पुढं केलं असेल, असं मला वाटतंय. "समदंच काढू दे" म्हणाली तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं. तेही तिनं पाहिलं असेल. हे खरंच तुझ्या मनाचं आहे का, एवढं मी तिला अजून विचारलेलं नाही.