तळमजल्यावरचा प्लग

३ मार्च, सोमवार
घेतली एकदाची! विजेवरची स्कूटर, राखाडी. दादा फोनवर म्हणत होता, "हायब्रिड घे, बॅटरी संपली तर पेट्रोल आहेच." दोन्ही डगरींवर हात ठेवायची त्याची सवय जुनीच. बस बंद झाल्यापासून लॅबला पोचायला दीड तास लागायचा, आज पस्तीस मिनिटं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण लॅबमध्ये मी आणि प्लास्टरचे साचे. दिवसभर लोकांच्या कवळ्या करते आणि बोलायला एक तोंड नाही!

५ मार्च
अकरा किलोची बॅटरी, चौथा मजला, लिफ्ट नाही. "काढायची, घरी न्यायची, लावायची. सोप्पं!" म्हणे दुकानदार. त्यालाच आणून चढवायला हवा. पहिल्याच जिन्यात कंबरेने संप पुकारला, तिथेच बसले. तळमजल्याचं दार उघडलं. टेलिफोन ऑपरेटर होत्या त्या काकू. दोन वर्षांत आमची ओळख नुसती मान हलवण्यापुरती.
"अगं, माझ्या ओट्याजवळचा प्लग रिकामाच असतो. ठेव की इथे."

१२ मार्च
ठरून गेलंय आता. सकाळी पावणेआठला न्यायची, संध्याकाळी साडेसहाला द्यायची. विजेच्या पैशांचं विचारलं तर रागावल्या. आत बोलावतात, मी दारातूनच परतते.

२० मार्च
आत गेले. बॅटरी ओट्याखाली, तिच्याखाली घडी केलेली चादर. "गारठेल बिचारी," म्हणाल्या! चहा झाला. "तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले, आता माझाच वाजत नाही," असं म्हणून स्वतःच हसल्या. सव्वा तास बसले. वर आले, कुलूप उघडलं आणि रडूच आलं. का कोण जाणे.
नाही, माहीत आहे. इथे राहायला आल्यापासून मला "बैस" असं कुणी म्हटलंच नव्हतं.

२ एप्रिल
आज काकूंनी तीनदा जांभई दिली. चुकतंय माझंच. लोचटासारखी रोज जाऊन बसते. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज देऊन आले – पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी प्लग बसवून द्या. काकू सुटतील. मी काय, वर येऊन जेवेन.

३ एप्रिल
काकूंना अर्जाचं सांगितलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाल्या.

१९ एप्रिल
एका घराची हरकत आली म्हणे! सेक्रेटरी नाव सांगायला तयार नाहीत – "उगाच भांडणं होतात." दुसऱ्या मजल्यावरचा मिशीवालाच असणार. कुणाचं चांगलं बघवत नाही त्याला. काकूंपुढे तासभर आग पाखडली. त्या कप विसळत राहिल्या. विसळलेलेच पुन्हा विसळत होत्या.

२७ एप्रिल, रविवार
मिशीवाल्याला जिन्यातच गाठलं. "अहो ताई, मी सायकलवाला माणूस, मला त्या प्लगचं काय?" खजील झाले. तडक सेक्रेटरींकडे. शेवटी कंटाळून त्यांनी फाईल पुढे सरकवली. "बॅटऱ्या पेट घेतात. इमारतीत वयस्कर माणसं राहतात. प्लग देऊ नये." खाली सही, तळमजल्याची.
काकू! तीच बॅटरी स्वतःच्या ओट्याखाली ठेवून!
"एकटीचीच हरकत आहे, पुढच्या रविवारी फेटाळून टाकू," सेक्रेटरी म्हणाले. "दोन घरांची असती, तर वर्षभर हा विषयच काढता आला नसता."
तोंडावर "बरं केलंस" आणि पाठीमागे हे. मी काय वाईट केलं होतं त्यांचं? उद्या विचारणारच.

२८ एप्रिल
गेले ती भांडायचं ठरवूनच. दार सताड उघडं, काकू उंबऱ्यात उभ्या. आत ओट्यावर दोन कप मांडलेले, गाळणीसुद्धा काढून ठेवलेली.
"उशीर झाला गं आज?"
घड्याळात पाहिलं. सहा बत्तीस.
बॅटरी लावली. बसले. काही विचारलं नाही.

२९ एप्रिल
लॅबला जायच्या आधी सेक्रेटरींकडे गेले. हरकतीच्या अर्जावर काकूंच्या सहीखाली माझी सही केली.
"अहो, पण प्लग तर तुम्हीच मागितला होता ना?"
"बॅटऱ्या पेट घेतात," म्हटलं.