सासरेबुवांचा शेवटचा खोंड

१४ जून, रविवार
सासरेबुवांचा फोन. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, जेवायला येतायत. मार्लिसच्या हातातून फोन ओढून सांगून टाकलं, बर्गर मी करणार.

वसंतात त्यांनी सगळी गुरं विकली. वय झालं. एक खोंड तेवढा राखला होता, लहानपणी बाटलीने दूध पाजलेला. तो कापवून सगळा आम्हालाच दिला. आमच्या गॅरेजमधला मोठा फ्रीझर काठोकाठ भरलाय. स्वतःला काही ठेवलं नाही. म्हणाले, मी एकटा काय शिजवत बसू, तुमच्याकडे येऊन खाईन.

मार्लिस म्हणाली, वेन्डेल, या वेळी तरी नीट कर हं. मी म्हटलं, मी कधी नीट केलं नाही ते सांग. ती सांगू लागली. मी अंगणात गेलो.

१९ जून
ग्रिल घासायला काढली. बेसबॉलची मॅच होती म्हणून रेडिओ लावला. गॅरेजमध्ये सॉकेट एकच. कुठला तरी प्लग तात्पुरता काढलाय. लक्षात आहे.
हरलो. इथे नेब्रास्कात बसून रेडिओला आणखी किती शिव्या घालणार!

२४ जून
गॅरेजमध्ये वास. मार्लिसला म्हटलं, भिंतीत रॅकून मेला असणार.

२५ जून
रॅकून नव्हता.

२५ जून, दुपार
मार्लिस कामावर असताना सगळं ट्रकमध्ये भरून गावाबाहेरच्या कचरा डेपोवर टाकून आलो. नाकाला रुमाल. वायरिंगचा दोष. हे घर कुणी बांधलं त्याला धरून विचारायला हवं. मार्लिसला योग्य वेळ पाहून सांगणार. योग्य वेळ म्हणजे पाच जुलै.

२८ जून
शांतपणे विचार केला. बीफ ते बीफ. खोंडाच्या कपाळावर काय नाव लिहिलेलं असतं? आणि सासरेबुवा ऐंशीच्या घरात. जिभेचं काही खरं नसतं या वयात.

सुपरमार्केटातून खिमा आणला. सर्वांत कमी चरबीचा, म्हणून सर्वांत महागाचा. आपल्या माणसांच्या बाबतीत मी कधी कंजुषी करत नाही.

३० जून
मार्लिस चर्चमध्ये गायनाच्या सरावाला गेली, तेवढ्यात तालीम केली. पुस्तकात लिहिलंय: खिमा मळू नका, मीठ आत घालू नका, भाजताना दाबू नका. पुस्तकं भित्र्यांसाठी. मी मीठ घालून भरपूर मळला, उलथन्याने दाबला. झकास चर्र आवाज आला. बर्गर थोडा टणक झाला. ग्रिलचा दोष.

२ जुलै
मार्लिस म्हणाली, फ्रीझरमधून खिमा काढायचा ना? मी म्हटलं, तू जागची हलू नकोस, मी आहे. तिला भरून आलं. म्हणाली, तू बदललास. मला जरा कसंतरी झालं. पित्त असेल.

३ जुलै
नवा खिमा आणला. गावचा खाटीक घरच्या जनावराचं मांस पांढऱ्या कागदात बांधतो आणि वर 'विक्रीसाठी नाही' असा लाल शिक्का मारतो. कागद आणला. शिक्का लाल पेनने काढला. शाळेत माझी चित्रकला बरी होती. ट्रे तसाच कागदावर उपडा केला, हातही लावला नाही. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. पुडकं स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये.

४ जुलै, सकाळ
कडक ऊन. आत्मविश्वास पूर्ण. सासरेबुवा आले. इस्त्रीचा शर्ट. चर्चलासुद्धा घालत नाहीत हा. म्हणाले, काल रात्रीपासून काही खाल्लं नाही बघ.

४ जुलै, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं.

मार्लिसने पुडकं टेबलावर आणलं. म्हणाली, बाबा, तुम्हीच सोडा. त्यांनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला लाल लागलं. मग त्यांनी कागद उलगडला. खिम्याच्या वरच ती पांढरी कागदी घडी चिकटलेली. सुपरमार्केटवाले पाणी शोषायला ट्रेच्या तळाशी घालतात ती.

मार्लिस उठली. गॅरेजमधला फ्रीझर उघडून परत आली. मी वायरिंग म्हणालो. ती म्हणाली, वेन्डेल, गप्प बस.

मग सासरेबुवा म्हणाले, अरे, निखारे विझतील, भाज की. मी भाजले. दाबले, सवयीने. ते अख्खा बर्गर चावून चावून खात होते. या माणसाने जन्मात बीफवर मिठाशिवाय काही घेतलं नाही. आज म्हणाले, मार्लिस, जरा केचप दे गं.

मला मान वर करता आली नाही. पित्त नव्हतं ते.

५ जुलै
मार्लिस बोलत नाही. सासरेबुवांचा फोन येणारच. उत्तरं तयार केली आहेत. एक, वायरिंग. दोन, उन्हाळा. तीन, तुम्हीच थोडं स्वतःकडे ठेवायला हवं होतं. तिसरं खोडलं.

८ जुलै
सासरेबुवांचा फोन. मार्लिसला म्हणाले, त्याला दे. मी उभा राहिलो.

म्हणाले, खिमा फार कोरडा घेतलास रे. पाचात एक भाग चरबी पाहिजे. आणि दाबत जाऊ नकोस, सगळा रस निघून जातो. मी हो म्हटलं. खोंडाचं नाव काढतील म्हणून थांबलो. ते म्हणाले, इकडे पाऊस नाही. आणि फोन ठेवला.

उत्तरांतलं एकही लागलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लाज वाटते.

गॅरेजमध्ये गेलो. सॉकेटमध्ये रेडिओ अजून तसाच लावलेला. तो काढला आणि फ्रीझर लावला. आत काही नाही, पण चालू झाला.