पौर्णिमेच्या आत संपवायचा रोट

२१ जुलै, सोमवार

वैशाली सकाळी सहाच्या एस.टी.ने धुळ्याला गेली. ढोल्या साडेसहाला उठला आणि आठपर्यंत रडला. मग केळ खाल्लं.

आर्वी म्हणते, आजी, आधी सगळ्यांची ओळख लिहायची असते, निबंधात तसंच असतं. बरं. वैशाली माझी सून. नर्स. जूनमध्ये धुळ्याला बदली झाली. सोमवारी जाते, शनिवारी येते. राजू माझा मुलगा, इथे जळगावात पाइपच्या कंपनीत, पाळ्या करतो. आर्वी नऊ वर्षांची, चौथीत, हीच लिहितेय. ढोल्या साडेतीनचा. कागदावर शौर्य आहे, माझ्या जिभेला ते चढत नाही. मी कोण ते मला माहीत आहे.

ही वही वैशालीची. ढोल्या काय जेवला, किती झोपला, शी केली का, ते आर्वीने रोज लिहायचं आणि शनिवारी वैशालीने वाचायचं. मी म्हटलं, मागून कोरीच आहे, उलटी धर, मी सांगते तू लिही. आर्वी म्हणाली, तुझं काय लिहायचं? म्हटलं, मीपण जेवते, झोपते. माझं कोण लिहितं?

मला अक्षर येत नाही. तेव्हा ही जे लिहील ते मी बोलले.

२२ जुलै, मंगळवार

नावं लांब लिहून हात दुखतो म्हणे. आजपासून वैशाली म्हणजे वै.

संध्याकाळी फोन चालू होता, तोंड दिसतं तो. वै. त्यात, ढोल्या खाटेवर उड्या मारत. पडला. गुडघा सोलला. रडत धावत आला तो माझ्या मांडीवर. “आई गं, आई,” करत. पदर धरला माझा.

फोनमध्ये वै. होती. तिने विचारलं, जेवला का? मग म्हणाली नेटवर्क जातंय.

नेटवर्क चांगलं होतं, आर्वी सांगते.

२४ जुलै, गुरुवार

राजूच्या बुटात डाळ. ओतली कुणी विचारलं तर म्हणतो, बूट जेवला.

वहीच्या पुढून, वै.च्या पानांवर, हे लिहू नको म्हटलं आर्वीला. तिथे लिहिलं, “दोन पोळ्या, वरण. खेळला.”

२६ जुलै, शनिवार

वै. आली. पाय धुतले, ढोल्याला घेतलं, तो आधी लाजला. तिची वाट बघून पाच दिवस रडणारा पोरगा, आणि ती आली की माझ्यामागे लपतो. पोरं कुणाची भीड ठेवत नाहीत.

जेवताना बोलली. धुळ्याला देवपुरात दोन खोल्या मिळाल्यात. खाली पाळणाघर आहे. “कानबाई झाली की ढोल्याला घेऊन जाते. आर्वीची शाळा आहे, ती एप्रिलपर्यंत इथेच आईंजवळ.”

राजूने भाजीत मीठ शोधलं. भाजीत मीठ होतं.

मी म्हटलं, “ने ना, तुझाच आहे.” अगदी गोड आवाजात. तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

आर्वीला कुणी काही विचारलं नाही. (हे आजीने नाही सांगितलं, मी लिहिलं.)

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

रविवारी कानबाई, आमची खान्देशातली नारळाची देवी. यंदा आपल्या घरी. गहू निवडायला काढले. आमच्यात रोटाचे गहू मुठीने घेतात. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. त्या पिठाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, कानबाईला, मग घरच्यांनीच खायचे, आणि पौर्णिमेच्या आत पीठ संपवायचं. हे सगळं खरं.

पुढचं मी केलं.

वै.चा फोन आला, सोमवारी बाईचं विसर्जन झालं की दुपारच्या गाडीने ढोल्याला नेते. मी म्हटलं, “अगं, त्याची मूठ पडेल ना रोटात. ज्याची मूठ पडली त्याने रोट संपेस्तोवर दुसऱ्या उंबऱ्यात निजायचं नाही.” ती म्हणाली, असं आहे का? मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, तुला कसं असेल.

कानबाई तीन तारखेची, पौर्णिमा नऊची. एक आठवडा मिळाला. आठवड्यात काय होणार? काही नाही. पण मिळाला.

आर्वी विचारते, आजी, खरंच असा नियम आहे? म्हटलं, हे लिहू नको.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पहूरहून अक्का आली. माझी मोठी जाऊ. डोळे गेलेत, कान नाहीत गेले. बसल्या बसल्या लसूण सोलत होती, तेवढ्यात राजू तिला विचारून बसला, “अक्का, मूठ पडली की बाहेर निजायचं नाही असं आहे का गं? माझी तर पुढच्या आठवड्यात रात्रपाळी.”

अक्काने लसूण थांबवला. माझ्याकडे तोंड केलं. दिसत नाही तरी.

“तसंच शे,” म्हणाली. “कामाचं वेगळं. निजायचं वेगळं.”

राजू गेल्यावर मला चिमटा काढला, दंडाला, लग्नानंतर पहिल्या वर्षी काढायची तसा. “कसाले खोटं बोलनी वं?”

म्हटलं, तू कसाले बोलनी?

दोघी हसलो. ढोल्या पण हसला, त्याला कारण लागत नाही.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई

मुठी मी टाकल्या. अक्काचे दोन मुलगे, त्यांचे तीन, आपला राजू, ढोल्या. सात. सव्वा म्हणजे मूठ आणि वर चिमूटभर जास्त, पाव कोण मोजतो.

ढोल्याचं नाव घेतलं तर तो ओरडला, “मी!” आणि स्वतःची मूठ परातीत खुपसली. नंतर गहू नाकात. काढले.

आर्वी शेजारी बसली होती. “माझी?”

म्हटलं, पोरींची नसते.

“का?”

“तुझी मूठ तुझ्या सासरी पडेल.”

“तिथे तरी माझी पडेल की माझ्या नवऱ्याची?”

अक्का म्हणाली, “हाई पोरगी कोनावर गयी?” माझ्यावर गेली.

बाईला साडी नेसवली, दागिने घातले. नारळच तो, पण आज त्याच्याकडे बघताना पदर सावरावा लागतो. गाणी झाली. वै. छान गाते, खालच्या आवाजात. ढोल्या तिच्या मांडीवर झोपला. मी दोनदा बघितलं.

४ ऑगस्ट, सोमवार

आज पान मोठं होणार. आर्वी घाईत लिहितेय, का ते खाली येईल.

सकाळी तलावावर बाई बोळवली. घरी येऊन अक्काच्या मुलांनी आपल्या वाट्याचं पीठ बांधून घेतलं, पहूरला निघाले. वै. बघत होती.

“आई, यांच्या मुठी पडल्या तरी हे पहूरला निजणार.”

म्हटलं, “ते आपल्या घरी चाललेत. रोट सोबत आहे.”

“मग ढोल्याचा रोट मीही बांधून नेते.”

मी म्हटलं, “ते काय घर आहे? खोली आहे ती.”

बोलले. तोंडातून गेलं ते गेलं. वै.ने ओट्यावरचं फडकं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. राजू चपला शोधायला लागला, त्या त्याच्या पायात होत्या.

मग आर्वी म्हणाली, “माझी मूठ नाहीये ना रोटात. मग मी जाऊ शकते.”

वै.ने फडकं खाली ठेवलं.

“मी जाते आईबरोबर. शनिवारी राखीला येईन. आजी, तुझ्याच नियमात आहे.”

वै.ने तिच्याकडे असं बघितलं, जसं कुणीतरी अचानक दिवा लावला. पोरगी दोन महिने इथे शहाण्यासारखी राहिली, भांडी विसळली, भावाची शी लिहिली. तिलाही आई लागते हे आम्हा तिघा मोठ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ती रडत नाही, म्हणून.

राजू म्हणाला, चार दिवस शाळा बुडेल. मी म्हटलं, बुडू दे, तू किती बुडवलीस.

तीनची गाडी. दप्तर भरलंय. वही ठेवून जातेय. आता लिहिणारी

५ ऑगस्ट, मंगळवार

राजू लिहितोय. त्याचं अक्षर कसं आहे मला काय कळणार, पण लिहिताना जीभ बाहेर काढतो. आर्वी नाही काढत.

ढोल्याने खाटेखाली बघितलं. गादीखाली बघितलं. डब्यात बघितलं. “ताई कुठेय?” म्हटलं, धुळ्याला. म्हणतो, धुळं कुठेय? बाहेर नेलं, रस्ता दाखवला. तिथेच बसला, उठेना.

इतके दिवस वाटायचं मी याला सांभाळते.

७ ऑगस्ट, गुरुवार

ढोल्याने रोटाच्या पिठाच्या डब्यात तांब्याभर पाणी ओतलं. म्हणे, पिठाला अंघोळ.

टाकता येत नाही ते पीठ. सगळं मळलं, सगळे रोट थापले, मी आणि राजू खात बसलो. राजू म्हणाला, “माय, संपला म्हणायचं का मग?” आणि गालात हसला. म्हणजे त्याला माहीत आहे. अक्का एक ठीक, पण याला कधीपासून? म्हणतो, २९ तारखेपासून. तुला खोटं बोलताना पदराचं टोक पिळायची सवय आहे.

डब्याच्या कडेला ओंजळभर पीठ कोरडं राहिलं होतं. झाकण लावून ठेवलं. संपला नाही.

ढोल्या नीट जेवत नाही. पुढच्या पानावर राजूने लिहिलं, “जेवला.” बाप शोभतो.

९ ऑगस्ट, शनिवार. पौर्णिमा

आल्या दोघी, दुपारच्या गाडीने. ढोल्या आर्वीला असा चिकटला की राखी बांधायला हात सुटेना. मग पायाला बांधली. चालतं म्हणाले. आज मी कुठल्याही नियमाला हो म्हणेन.

आर्वीचं चालूच आहे. आईची ड्यूटी दोनला संपते. दाराला खाली एक आणि वर एक कडी आहे, वरची तिच्या हाताला पोचत नाही. पाणी पहाटे येतं. आईने तिला रोज वेणी घातली, रोज वेगळी. शाळा बघितली, फक्त बाहेरून. परत आलीस ना, म्हटलं. आले ना, म्हणाली. आवाज गोड होता. तो आवाज मात्र मी ओळखला.

वै. राजूला म्हणत होती, दोघांना वेगळं ठेवणं चुकलंच. न्यायचं तर दोघांना. राजू म्हणाला, आणि माय? पुढचं ऐकू आलं नाही. कान माझे अक्कासारखे नाहीत.

वही वै.ने वाचायला नेली. पुढची पानं.

*आई, वही उलटीकडूनही वाचता येते.*
*— वैशाली, १० ऑगस्ट*

११ ऑगस्ट, सोमवार

वै. सहाच्या गाडीने गेली. एकटी.

आर्वीने लिहायला वही उघडली आणि तोंडावर हात ठेवला. म्हटलं, काय झालं? झुरळ? मग तिने वरची ओळ वाचून दाखवली. परत वाच म्हटलं. परत वाचली. तेवढंच आहे, म्हणाली.

मग काल सकाळचं आठवलं. काल मी डबा काढला होता. पौर्णिमा होऊन गेली, उरलेलं पीठ पुरायचं असतं, तुळशीत पुरते म्हटलं. हा नियम खरा आहे, माझा नाही. वै.ने डबा माझ्या हातातून घेतला, झाकण घट्ट लावलं, फळीवर वर ठेवला. “राहू द्या आई. रोट संपला नाही ना अजून? मग ढोल्या या आठवड्यात कसा येईल?”

मला वाटलं भोळी आहे.

वहीतलं सगळं वाचून बोलत होती. खोलीचं तिने ऐकलं होतंच, आता वाचलं पण असणार. आर्वीला विचारलं, ते लिहिलं होतंस का जसंच्या तसं? म्हणाली, तू सांगितलंस ते सगळं लिहिते मी.

आर्वी पेन धरून बसलेली. मग विचारलं, तिथे ओटा कुठल्या अंगाला आहे? दुसऱ्या खोलीत एक खाट मावते का? आर्वी म्हणाली, मावते, पण मग कपाट बाहेर. राजूच्या जेवणाचं काय, म्हटलं. ती म्हणाली, पप्पांना भात येतो. भात कुणालाही येतो.

शनिवारी वै. येईल. पीठ ओंजळभर आहे, दोन रोट होतील. वै.च्या हातचे करायचे की माझ्या, की तिकडे घेऊन जायचं आणि तिथल्या ओट्यावर थापायचं, काही ठरलेलं नाही. डबा फळीवर आहे. ढोल्या खाली स्टूल सरकवतोय.

आर्वी विचारते, “आजी, पुढच्या वर्षी माझी मूठ टाकशील?”

म्हटलं, टाकली तर तुला दुसऱ्या उंबऱ्यात निजता येणार नाही. बघ. नीट विचार कर.

ती विचार करतेय. पेन तोंडात. मी पण.