सालेहाचे एकशे पाच

७ सप्टेंबर १९८७, सोमवार
दहावीच्या बेचाळीस मुलींकडून प्रश्नावली भरून घेतली — सुटले एकदाची! इंग्रजी वाचायची किती भीती वाटते ते मोजायचं. एम.एड.च्या लघुप्रबंधाला दुसरा विषयच सुचला नाही. पंचवीस वाक्यं. वाक्य अजिबात पटत नसेल तर एक लिहायचा, पूर्ण पटत असेल तर पाच. ठाण्याच्या गाईडसरांची वाक्यं फारच भेदरवणारी — ‘धडा उघडला की छातीत धडधडतं’ वगैरे. वाचूनच पोरींना घाम फुटायचा. त्यातली वीस मीच बदलून गोड केली. ‘नवा धडा उघडायला मला आवडतं.’

कागदांवर नावंही लिहून घेतली. कुणालाही दाखवणार नाही म्हणून सांगितलं.

१३ सप्टेंबर, रविवार
दिवसभर बेरजा. मान मोडली. जितके गुण जास्त तितकी भीती जास्त. सालेहाचे सगळ्यांत जास्त — एकशे पाच! कामतघरच्या मुनीरभाईंची मुलगी. वर्गात तोंड उघडत नाही. मला वाटायचं, शिष्ट आहे. घाबरते होय बिचारी! उगाच टाकून बोलत होते तिला.

१८ सप्टेंबर
हेडसरांना भीतीच्या गुणांची यादी हवीय. चाचणीत इंग्रजीत काठावर पास झालेल्या आठजणी आहेत, सालेहाही त्यांत. त्यांतल्या चौघींचे बोर्डाचे फॉर्म यंदा अडवायचे, नाहीतर म्हणे शाळेचा निकाल घसरतो. कुठल्या चौघी, ते ठरेना. “तुम्ही शास्त्रीय पद्धतीनं मोजलंय, विद्युल्लताबाई.” शास्त्रीय! खोटं कशाला लिहू, अंगावर मूठभर मांस चढलं. शिवाय मी अजून कायम नाही.

दिली यादी.

२२ सप्टेंबर
सालेहाचा फॉर्म अडवला.

२७ सप्टेंबर, रविवार
राहवेना. कामतघरला गेले. शेजारीच कापडाचा कारखाना, मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागतं. मुनीरभाई भांडतील अशा तयारीनं गेले होते. पण सालेहाच्या आईनं, हमिदाबाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा केला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी परीक्षेला बसवा तिला. मुनीरभाई म्हणाले, “बाई, तुम्ही मोजून सांगितलंत, म्हणजे बरोबरच असणार. पोरगी उगाच डोळे फोडत होती.” आता मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसेल म्हणाले. दापोड्याचं एक स्थळही आलंय. पुढच्या वर्षाचं कुणी काढलंच नाही.

सालेहा मला सोडायला रिक्षापर्यंत आली. तिथे म्हणाली, “बाई, मी सगळं खरं लिहिलं होतं.”

“माहीत आहे गं मला,” मी म्हटलं. “घाबरणं काही गुन्हा नाही.”

३ ऑक्टोबर, शनिवार
ठाण्याला गेले. गाईडसरांनी कागद चाळले आणि सहज विचारलं, बदललेल्या वाक्यांचे गुण उलटे धरलेत ना? ‘आवडतं’पुढे पाच असतील तर भीती एक.

धरले नव्हते. सरसकट बेरीज मारली होती मी.

घरी येऊन, चप्पलसुद्धा न काढता सालेहाचा कागद शोधला. वीस गोड वाक्यांपुढे वीस वेळा पाच. आवडतं, आवडतं, आवडतं. भीतीच्या पाच वाक्यांपुढे एक, एक, एक. उलटे धरून पुन्हा बेरीज केली. पंचवीस. यापेक्षा कमी गुण पडूच शकत नाहीत. सबंध वर्गात इंग्रजी वाचायला अजिबात न घाबरणारी एकुलती एक मुलगी, आणि तिलाच मी घरी बसवलं! काय करून बसले मी हे!

जेवण गेलं नाही. ह्यांना सांगितलं, डोकं दुखतंय.

५ ऑक्टोबर
हेडसरांच्या दाराशी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा आत कुणीतरी होतं. कुणी नसतं तरी गेले असते का, कोण जाणे. कायम करायच्या शिक्षकांची नावं याच आठवड्यात वर जाणार आहेत. माझी चूक कळली तर आपली लाज झाकायला ते आधी माझंच नाव खोडतील. भित्री आहे मी. लिहून ठेवते, निदान इथे तरी.

७ ऑक्टोबर
प्रबंधातले आकडे दुरुस्त केले. नवा तक्ता टायपिंगला दिला. हेडसरांना काही सांगितलं नाही. बोर्डाच्या फॉर्मची मुदत परवापर्यंत आहे.