बाबांच्या घराला नवं कातडं

एप्रिल ६
आणली एकदाची. विनाईलची साइडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून ठोकायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, अख्ख्या घराला पुरतील एवढ्या. दुकानात होती त्यातली सगळ्यात स्वस्त. रंग फिका हिरवा. दुकानदार म्हणतो, समुद्राच्या फेसाचा रंग. जन्म गेला माझा या किनाऱ्यावर, फेस मळका असतो. पण असो. वजनाला इतकी हलकी की एक गठ्ठा मीच काखोटीला मारून आणला.

बाबांच्या लाकडी फळ्यांची किळस आलीये मला. खरवडा, रंगवा, पोपडे केसात, पोपडे चहात. शी. आता आतल्या आत गाडून टाकते त्यांना.

पुढचं साल म्हणजे गावाचं ‘घरी या’ वर्ष. जुलैत बाहेर गेलेले सगळे परतणार. माझी थोरली बहीण, फिलसुद्धा, टोरांटोहून. तिचे यजमान गेल्यापासून एकटीच असते. लिहिलंय, घर बघते, जमलं तर कायमची राहते. न जमायला काय झालं?

एप्रिल १९
थंडी कडक. लिअँडर खिळे ठोकतोय. माझा नवरा म्हणून सांगत नाही, पण साठ होड्या बांधल्यात त्याने, एकही गळली नाही. एक गळली, पण तिचा मालकच तसला होता.

खोक्यात एक कागद निघाला. माझी शाळा तिसरीत सुटली, बारीक अक्षर लागत नाही. शेजारच्या जेनेव्हीव्हने वाचला. खिळा पुरता ठोकू नका, पट्टीला सरकायला जागा ठेवा, असं काहीतरी. लिअँडर म्हणाला, "हलणारी फळी म्हणजे बुडणारी होडी." खिळे डोक्यापर्यंत गाडले. कागद चुलीत.

मे ४
झालं पूर्ण. काय दिसतंय घर! जेनेव्हीव्ह कुंपणाशी येऊन विचारते, दह्याच्या डब्यात राहायला गेलात का गं? जळते. तिला दर उन्हाळ्यात शिडीवर चढावं लागतं ना, त्याचं दुःख.

जुलै १६
ऊन पडलं. तीन दिवस सलग, आमच्याकडे नवलच. दक्षिणेची भिंत फुगली. लाटा आल्यात लाटा. लिअँडर हात फिरवून एकेक खिळा चाचपतो. मी म्हटलं, समुद्राचा रंग आहे तर लाटा येणारच. वास मात्र सुटलाय, नवीन बादलीत उकळतं पाणी ओतल्यासारखा. जेवण जाईना. जेनेव्हीव्हकडे जाऊन जेवले. मासा खारट होता.

ऑगस्ट ३०
लिअँडरने मासे भाजायचं ग्रिल भिंतीच्या जरा जवळ पेटवलं. पट्टी ओघळली. जीभ बाहेर काढल्यासारखी लोंबतेय. तिथे गुलाबाचं झाड लावायचं ठरवलं.

नोव्हेंबर ११
वारा. रात्रभर घराने टाळ्या वाजवल्या. सकाळी चार पट्ट्या जेनेव्हीव्हच्या कोबीत. तिने परत आणून दिल्या, हसलीसुद्धा नाही. याचाच जास्त राग आला. उघड्या जागेवर ताडपत्री मारली. निळी. हिरव्यात निळं शोभतं.

जानेवारी २२
लिअँडर लाकडं टाकत होता, एक ओंडका भिंतीला लागला. पट्टी बिस्किटासारखी फुटली. फुटली ती पट्टी, भिंत नाही. म्हणजे तिने आपलं काम केलं.

मे १९
फटीत गांधीलमाश्या. उत्तरेला हिरवी बुरशी, बोट लावलं तर शेंबडासारखी. शी. दुपारभर घासली. बुरशी गेली, रंगही गेला. आता ती बाजू पांढरी, ही हिरवी. दोन घरं असल्यासारखं वाटतं. फिल आली की जागा लागेलच.

जुलै ९
फिल आज यायची. सकाळपासून खिडकीत बसून. अकराला बस आली, उतरली, तीच चाल, बाबांसारखी. मी हात केला. तिने घराकडे बघितलं आणि सरळ पुढे गेली. जेनेव्हीव्हचं दार वाजवून विचारलं म्हणे, आमचं घर कधी पाडलं?

म्हणजे बदल डोळ्यात भरतो. हे मी लिअँडरला सांगितलं. तो शेडमध्ये गेला.

जुलै १०
फिल आली. चहा अर्धा घेतला. मग बाहेर जाऊन ताडपत्री उचलली, आत हात घातला. मूठभर काळं बाहेर काढलं. ओलं, कुजकं, तळाच्या चिखलासारखा वास. मी म्हटलं, टाक ते, शी.

ती टाकेना. मला म्हणाली, "अस्सू, बाबांच्या फळीची लापशी झाली गं."

लिअँडर मागे उभा होता. पाणी आत शिरलं की त्याला बाहेर वाट लागते, होडी असो नाहीतर घर, एवढंच म्हणाला. साठ होड्या बांधलेला माणूस. मला आधी सांगायला काय झालं होतं?

जुलै १७
आठवडाभर फिल जेनेव्हीव्हकडेच राहिली. इकडे छातीत कोंदतं म्हणे. रोज दुपारी आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसायची, घराकडे पाठ करून.

जुलै १८
फिल गेली. मी विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात? म्हणाली, तूच ये गं टोरांटोला. लिअँडरने बाहेरून वळचणीखालची एक फळी काढून दिली तिला, तेवढीच कोरडी निघाली. तिच्यावर बाबांच्या रंगाच्या ब्रशच्या रेघा दिसतात. मांडीवर आडवी धरून बसमध्ये बसली. कंडक्टर म्हणाला, आजी, सामान वर ठेवा. तिने ठेवलं नाही.

बस वळणापलीकडे गेली. परत आले, तर मीही फिलसारखीच दारासमोरून दोन पावलं पुढे गेले. मग थांबले.