तेलाचे की गॅसचे

३ ऑक्टोबर, शुक्रवार. अमरावती

काल दसरा. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली. सीट काढून टाकल्यापासून ही पहिलीच पूजा. आतून सुट्टीतल्या वर्गासारखी दिसते. इतकी वर्षे हिच्यातून शाळेची पोरे नेली. आता वय झाले म्हणून शाळेचे परमिट संपले. भंगारात देववली नाही. आत घर करतो आहे. मागे पलंग, मधे ओटा, वर पाण्याची टाकी. आर.टी.ओ.चे काम वेगळे चालू आहे, ते होईल.

हे सगळे कुंदासाठी. कार्तिकी एकादशी झाली की नर्मदेची परिक्रमा, गाडीने. पाठीच्या ऑपरेशनच्या आधीपासून तिच्या मनात आहे. तिला फार वेळ बसवत नाही, पण निजून जाता येते. डॉक्टर म्हणाले, निजून न्या, हरकत नाही, पण दणके बसता कामा नयेत. डावा पाय बधिर झाला तर तिथेच थांबायचे.

म्हणजे सगळे शॉकअपवर आले. जुने चारही गेलेले. बंपर दाबून सोडला की गाडी कितीतरी वेळ मान हलवत राहते.

५ ऑक्टो., रवि.

अकोल्याला जाऊन आलो. कुं.चा धाकटा भाऊ प्रमोद, त्याचे स्पेअर पार्टचे दुकान. त्याने दोन प्रकारचे शॉकअप काउंटरवर ठेवले. तेलाचा हाताने दाबला तर सावकाश आत जातो आणि तिथेच राहतो. गॅसचा दाबला जात नाही. अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा थोडा गेला आणि सोडताच आपणहून वर आला. उद्धट वाटला.

प्र. म्हणाला, "भाऊजी, गॅसचेच न्या. घाटात तेलाचा तापते. मंग तो शॉकअप नाई राहत, निस्ती नळी राहते."

"अन् खड्ड्यात?"

"खड्ड्यात थोडं लागन. ताईले म्हणा, देवाचं नाव घे."

मी हसलो नाही. तो वरमला. "ताई मायीच बहीण आहे न जी."

चहा झाला. काही न घेता परत आलो. बसमध्ये मागच्या चाकावरची जागा मिळाली. प्रत्येक खड्डा कुं.च्या पाठीने मोजला.

८ ऑक्टो., बुध.

रफिकभाईंच्या गॅरेजला. या गाडीला त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. त्यांचे मत प्रमोदच्या उलट. "वजन तर खालचे स्प्रिंगचे पाटे पेलते भाऊ. शॉकअपचं काम एकच, पाट्याले उड्या मारू द्यायच्या नाई. वहिनीले झोपवून नेता न? मंग नरम टाका. गॅसवर त्याईले रस्त्यातली एकेक गिट्टी मोजता येईन."

मी म्हटले, प्रमोद तर घाटाचे सांगतो.

"थो विकते. मी बसवतो. तुमी चालवता. झोपनार वहिनी. तिले विचारलं का कोनी?"

विचारले. कुं. म्हणाली, "मले काय समजते त्यातलं? तुमी पाहा. पन एकादशीच्या पुढं ढकलू नका."

रफिकभाईंनी एक गोष्ट बजावली, रिकाम्या गाडीवर शॉकअप पारखू नका, वजन भरून पाहा.

१० ऑक्टो., शुक्र.

निर्णय होत नाही. खरी भीती शॉकअपची नाही, हे आज पूजा करताना ध्यानात आले. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची, मधे कुठेही ओलांडायची नाही. ओलांडली की मोडली. पलीकडच्या काठावर असताना हिला काही झाले तर घरी यायला नदी ओलांडावी लागेल. आणि कुं. परिक्रमा मोडू द्यायची नाही. त्रास झाला तरी सांगायची नाही. मी तिला ओळखतो. टाके ओले होते तेव्हासुद्धा "ठीक आहे" म्हणत होती.

देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकाव्यात असे मनात आले. धाकट्या भावाच्या लग्नाच्या वेळी वडिलांनी टाकल्या होत्या. कागद फाडलासुद्धा. मग देवाला तेल की गॅस विचारायची लाज वाटली. कागदाने समईची काजळी पुसली.

१२ ऑक्टो., रवि.

प्रमोदकडून तेलाचे चार मागवून रफिकभाईंकडून बसवून घेतले. पटले नाहीत तर परत, असे ठरले आहे.

वजनाची सोय आपोआप झाली. वलगावला भावाचे सोयाबीन निघाले आहे. त्याला पोती अमरावतीला आणायची होती, मला गाडी भरायची होती. पोती आत रचली आणि मुद्दाम खराब रस्त्याने आणली. काय सांगू. गाडी तरंगत आली. ओट्याच्या जागी पाण्याने भरलेला तांब्या ठेवला होता, एक थेंब सांडला नाही.

भाऊ शेजारी बसला होता. "वैनीले झोप लागन यात," म्हणाला.

घरी आल्यावर कुं.ला सांगितले. तिने देवापुढे साखर ठेवली. बरेच दिवसांनी पोटभर जेवलो.

१७ ऑक्टो., शुक्र.

पलंग, कपाटे, टाकी, सिलिंडरचा कप्पा, सगळे बसले. टाकी भरली. गाडी मागून थोडी खाली बसली आहे, पण फार नाही. उद्या कुं.ला निजवून परतवाड्यापुढचा घाट. ओंकारेश्वरला जायचे ते त्याच वाटेने, सेमाडोहवरून.

१८ ऑक्टो., शनि.

लिहिवत नाही. तरी लिहितो.

परतवाड्यापर्यंत उत्तम. ती मागून सांगत होती, "छान चाललं." घाटातल्या पहिल्या मोठ्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकली आणि सरळ व्हायच्या आत पुढचे वळण आले. मग झुलतच राहिली, इकडून तिकडे, नावेसारखी. मी वेग कमी केला तरी झुलणे थांबेना. मागून भांडी घरंगळल्याचा आवाज आणि तिचा एकच शब्द, "थांबा."

थांबलो. पलंगाच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून होती. चेहरा पांढरा. दुखते का विचारले तर म्हणाली, "पाठ नाई दुखत. पन मी सगळा वेळ धरूनच होती. धरून धरून आंग कडक झालं."

सेमाडोहपर्यंत गेलोच नाही. जरा रुंद जागा पाहून गाडी वळवली.

२० ऑक्टो., सोम.

घरात दिवाळी. मी गाडीत बसून.

चूक कळली. पोती जमिनीसरशी होती, एकमेकांना धरून बसलेली. घराचे वजन तसे नाही. टाकी वर, कपाटे वर, सगळे डोक्यावर. सोयाबीनने मला खूश केले आणि मी खूश झालो. भावाचे काम झाले, माझी परीक्षा झालीच नाही.

दुसरी चूक तर आणखी माझीच. पलंग मी मागच्या चाकांच्याही मागे टाकला. शाळेची पोरे शेवटच्या सीटसाठी रोज का भांडत? तिथे उडायला मिळते म्हणून. इतकी वर्षे आरशात पाहिले. आणि हिला तिथेच निजवले.

उद्या पलंग पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे घेतो. ओटा मागे जाईल. भांडी उडाली तर उडोत.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज

प्रमोद आला. कुं.ने ओवाळले. त्याने साडीची पिशवी पुढे केली. तिने हात लावला नाही.

"साडी राहू दे. गाडीत काय आनलं?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मी खरेच काही बोललो नव्हतो.

"काल फोनवर सांगतलं व्हतं न तुले, गॅसवाले आन म्हून. आनले?"

"आनले व ताई. पन तुले लागन त्याच्यावर. मी भाऊजीले आधीच सांगतलं, थो कडक असते."

"कडक तर कडक. कडक गादीवरच झोपाले सांगतलं मले डॉक्टरनं. झुलनं नाई सोसत मले, दनका सोसन."

"अन् दनक्यानं काही झालं तर? मायं नाव निघन."

"तुयं नाव तसंबी निघते. मायी ओवाळनी कुठी आहे?"

ताटात त्याने गाडीची किल्ली ठेवली, डिकीतून काढून घ्या म्हणाला. ती हसली. तो हसला नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, ताई खरं सांगत नाई. लहानपनी विंचू चावला तरी माय वावरातून येईपर्यंत बोलली नव्हती. तुमी तिच्या तोंडाकडं पाहू नका, पायाकडं पाहा."

साडीही ठेवून गेला.

२७ ऑक्टो., सोम.

गॅसचे बसवले. पलंग मधे. आज सेमाडोहपर्यंत गेलो आणि आलो. झुलणे नाही. वळणावर गाडी रुळावरून चालल्यासारखी. टाकी भरलेली, सगळे वजन घरचे, या वेळी सोयाबीन नाही.

पण रस्ता जिथे उखडला आहे तिथे प्रत्येक दगड स्टिअरिंगमधून हातात येत होता. माझ्या हातात आला म्हणजे तिच्या पाठीत गेला. दर वेळी विचारले. दर वेळी, "चालू द्या."

सेमाडोहला चहाच्या टपरीपाशी उतरलो. ती पुढे चालत गेली. मी मागे वळून दार लावायला गेलो तर डावी चप्पल पायरीवर पडलेली. ती उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय अनवाणी अशी, खडीवर, चहावाल्याशी बोलत उभी. तिला माहीतच नव्हते.

चप्पल नेऊन दिली. खाली पाहिले तिने. "सैल झाली वाटते," म्हणाली.

नवी आहे. दिवाळीतच घेतली.

परत येताना अगदी हळू. 

२९ ऑक्टो., बुध.

नागपूर. डॉक्टरांनी पायाला टोचून पाहिले. डोळे मिटून सांगायचे, कुठे लागते. अंगठ्याशी एकदा चुकली, करंगळीशी एकदा. पाठीचा फोटो काढला. ऑपरेशनचे स्क्रू जागेवर आहेत.

"एवढी बधिरता आधीपासूनचीही असेल, नक्की सांगता येत नाही. वाढते आहे असे दिसले तर मात्र ताबडतोब या."

मी विचारले, परिक्रमेला जाऊ की नको. ते म्हणाले, मी नाही म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही.

कुं. म्हणाली, "म्हनजे हो."

३१ ऑक्टो., शुक्र.

रफिकभाई आणि प्रमोद, दोघांना एकाच वेळी गॅरेजला बोलावले. आधी बरेच भांडले. प्र. म्हणाला, चारही गॅसचेच राहू द्या, नाहीतर पुन्हा झुलन. रफिकभाई म्हणाले, मग वहिनीला उभीच न्या. मी ऐकत होतो. शेवटी मी म्हटले, झुलते मागून, कारण वजन मागे. मागे गॅसचे राहू द्या. पुढे तेलाचे टाका, आणि टायरमधली हवा थोडी कमी.

 मग रफिकभाई म्हणाले, "असं कोनी करत नाई."

प्रमोद म्हणाला, "कंपनीवालेबी नाई सांगत."

दोघांचे पहिल्यांदा एकमत झाले, ते माझ्या विरुद्ध.

तरी बसवले. शहराबाहेर फिरवून आणली. बरी वाटते. पण सोयाबीनच्या दिवशीही बरी वाटलीच होती.

२ नोव्हें., रवि. एकादशी

उपवास. गाडीत सामान भरले. कुं. स्वतः ओट्याचे डबे लावत होती. वाकू नको म्हटले तर म्हणाली, "डबे लावनं म्हनजे वाकनं नसते."

जप करताना मन लागत नाही. देवाकडे काय मागावे ते ठरत नाही. ती बरी राहो, की ती खरे सांगो? दुसरे मागितले.

४ नोव्हें., मंगळ. ओंकारेश्वर, दक्षिण काठ

पोहोचलो. घाट हळू काढला. गाडी झुलली नाही. दणके लागले, पण मागच्या वेळेसारखे नाहीत. पुढचे तेलाचे दोन्ही शॉकअप हात लावून पाहिले, गरम होते, चटका बसेल इतके नाही. पुढच्या रस्त्यांचे काय, ते पुढे.

उद्या पौर्णिमा. सकाळी संकल्प. गुरुजी दोघांची नावे, गोत्र लिहून घेऊन गेले. त्यांनी सहज विचारले, "प्रकृती ठीक आहे ना दोघांची? परिक्रमा एकदा उचलली की मधे सोडता येत नाही." कुं.ने हो म्हटले. मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळले नाही.

संध्याकाळी पायऱ्यांवर बसलो. म्हणजे मी बसलो, ती उभी राहिली, दोन्ही पाय पाण्यात. मी विचारले, "गार आहे काय?"

"आहे."

"दोनी पायाले?"

तिने डावा पाय उचलून पुन्हा पाण्यात ठेवला. पहिल्यांदाच लगेच "हो" आले नाही.

"उजव्याले लगेच लागलं. डाव्याले मंग लागलं."

"किती मंग?"

"लागलं न पन."

त्यानंतर आरती सुरू झाली आणि बोलणे राहिले. आता ती पलंगावर निजली आहे. निघताना जल भरून घ्यायची बाटली तिने आत्ताच धुऊन उशाशी ठेवली. इथून घरी जायला नदी ओलांडावी लागत नाही. उद्या सकाळी संकल्प झाला की मात्र परतणे म्हणजे परिक्रमा मोडणे.

तिने मला खरे सांगितले. आता काय ते मला ठरवायचे आहे, सकाळच्या आत.